आधी अर्थ, मग तक्ते: दहावीचे संस्कृत घरी शिकवताना

दहावीला संस्कृत घ्यायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो शिकवणीचा. शाळेतले तास पुरतील असा पालकांना भरवसा वाटत नाही, आणि गणित-विज्ञानाच्या क्लाससाठी एसटीने ये-जा करणाऱ्या मुलाच्या दिवसात आणखी एक क्लास बसवणे भूम, वाशी, लोहाऱ्याकडच्या खेड्यांतून सोपे नसते. मग गाइड येते, शब्दरूपांचा तक्ता भिंतीवर लागतो आणि ‘देवः देवौ देवाः’ सुरू होते. दिवाळीपर्यंत तक्ते पाठ होतात, आणि तरीही नवा धडा उघडला की पहिल्या ओळीचा अर्थ लागत नाही. अशा वेळी मूल मंद आहे किंवा विषय अवघड आहे असा निष्कर्ष काढला जातो. माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत. चुकलेला असतो तो क्रम. संस्कृत घरी शिकवायचे तर वाक्याचा अर्थ लावण्यापासून सुरुवात करावी आणि तक्ते त्या वाक्यांतून उभे करावेत. मराठी घरात हे करता येते, ज्या पालकाने संस्कृत कधीच घेतले नाही त्यालाही करता येते, आणि गुणांच्या हिशेबातही हाच मार्ग अधिक खात्रीचा आहे.

गुणांचा हिशेब आधी पाहू. मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीपासून हिंदीच्या जागी संपूर्ण संस्कृत घेता येते, नाहीतर हिंदी आणि संस्कृत असे संयुक्त. संपूर्ण संस्कृतचे दहावीचे पुस्तक ‘आमोद’ आणि संयुक्तचे ‘आनंद’. सध्याच्या रचनेत संपूर्ण संस्कृतची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे. संयुक्तला तेच ४० आणि १०. कृतिपत्रिकेत काय विचारतात ते मात्र पालकांनी स्वतः बसून पाहावे, कारण बहुतेकांच्या मनात आपल्या काळातला पेपर असतो. आताच्या पेपरात उताऱ्यावरची काही उत्तरे माध्यमभाषेत, म्हणजे मराठीत लिहायची असतात. श्लोकाचा अन्वय पूर्ण करायचा असतो. चित्र पाहून वाक्ये लिहायची, संख्या अक्षरी लिहायच्या, घड्याळाची वेळ सांगायची. समासांची नावे ओळखायची, नामाच्या आणि धातूच्या रूपांच्या अपुऱ्या तालिका भरायच्या. आणि शेवटी असतो अपठित उतारा, जो कुठल्याही गाइडात छापलेला नसतो. तक्त्यांचे पाठांतर यातल्या तालिकांच्या प्रश्नाला सरळ उपयोगी पडते. बाकी बहुतेक प्रश्न ‘हे वाक्य काय म्हणते आहे’ याच एका कौशल्यावर उभे आहेत. मग वर्षाचा मोठा भाग तालिकांना आणि उरलेला वेळ अर्थाला, ही विभागणी गुणांच्या दृष्टीनेसुद्धा तोट्याची ठरते.

आता मराठी मुलाच्या हातात आधीपासून काय आहे ते पाहू, कारण त्याचा उपयोग फार कमी घरांत होतो. मराठीत तीन लिंगे आहेत. हिंदीत दोनच उरली. ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी का, हे हिंदी मुलाला शिकवावे लागते. मराठी मूल ‘ते पुस्तक’ म्हणतच मोठे झालेले असते. विभक्त्यांची नावे, प्रथमेपासून संबोधनापर्यंत, मराठी व्याकरणाच्या तासालाच येऊन गेलेली असतात, आणि ‘ने’, ‘ला’, ‘हून’, ‘चा’, ‘त’ हे प्रत्यय ते रोज शंभरदा वापरत असते. पण सगळ्यांत मोठी मदत होते ती मराठीच्या भूतकाळाची. ‘रामाने फळ खाल्ले’ या वाक्यात क्रियापद रामाप्रमाणे चालत नाही, फळाप्रमाणे चालते: ‘फळे खाल्ली’, ‘पोळी खाल्ली’, ‘आंबा खाल्ला’. संस्कृतात हीच रचना ‘रामेण फलं खादितम्’, ‘रामेण फलानि खादितानि’, ‘रामेण रोटिका खादिता’ अशी होते. तृतीया विभक्तीतला कर्ता आणि कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलणारे धातुसाधित, हा भाग पाठ्यपुस्तकात आला की मुले घाबरतात. त्यांना एवढेच दाखवावे की आपण घरी बोलतो ते हेच आहे. ‘ने’ लागलेला कर्ता मराठीत जिथे जिथे येतो, तिथे संस्कृतात तृतीयेची शंका घ्यायची सवय लागली की वाच्य बदलण्याचे प्रश्न निम्मे सुटतात. कर्मणी प्रयोगाचा धडा संस्कृतच्या वहीत सुरू न करता मराठी व्याकरणाच्या वहीतून सुरू करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

हीच मराठी काही ठिकाणी पाय ओढते, आणि ती ठिकाणे आधीच माहीत असली तर बरेच गुण वाचतात. मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात: कवी, गुरू, मुनी. संस्कृतात एक कवी म्हणजे ‘कविः’. ‘कवी’ लिहिले की ते द्विवचन होऊन दोन कवी उभे राहतात, ‘गुरू’ लिहिले की दोन गुरू. मुलाची ती चूक निष्काळजीपणाची नसते, चांगल्या मराठी लेखनाची सवय तिथे आडवी आलेली असते, आणि तसे समजावून सांगितले की ती लवकर जाते. दुसरी अडचण द्वितीया आणि चतुर्थीची. मराठीत दोन्हींना ‘ला’ लागतो. ‘रामाला पाहतो’ आणि ‘रामाला देतो’ यांत कानाला फरक कळत नाही. संस्कृतात मात्र ‘रामं पश्यति’ आणि ‘रामाय यच्छति’. इथे नियम सांगण्याआधी दहा-बारा मराठी वाक्ये घेऊन प्रत्येक ‘ला’ पाशी थांबावे आणि विचारावे: याला काही दिले जाते आहे, की याच्यावर क्रिया घडते आहे? तिसरी गोष्ट उच्चाराची. आपण ‘राम’ लिहितो आणि शेवटचा अ गिळून टाकतो, म्हणून ‘वर्णविग्रह करा’ म्हटल्यावर शेवटचा स्वर मुलाला दिसतच नाही. ‘ऋ’चा ‘रु’ आणि ‘ज्ञ’चा ‘द्न्य’ हे उच्चार मराठीत रूढ आहेत, पण वर्ण मोडताना ‘ज्ञ’ म्हणजे ‘ज्’ आणि ‘ञ्’ हे ठाऊक असावे लागते. आणि काही शब्द ओळखीचे चेहरे घेऊन वेगळाच अर्थ आणतात. ‘व्यसने मित्रपरीक्षा’ या धड्याचे नाव वाचून मुलाच्या डोळ्यांसमोर तंबाखू-दारू येते, तर धड्यात आहे हरीण, कावळा आणि कपटी कोल्हा यांची गोष्ट. ‘व्यसन’ म्हणजे तिथे संकट. ‘मित्र’ हा मराठीत ‘तो’ असतो, संस्कृतात स्नेही या अर्थी तो नपुंसकलिंगी ‘मित्रम्’ होतो. अशा शब्दांची वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी यादी वाढत जाऊ द्यावी.

अर्थ लावायचा म्हणजे नेमके काय करायचे, ते एका वाक्यावर दाखवतो. ‘तगरनगरात् जनाः शकटैः भृगुकच्छं वस्त्राणि नयन्ति।’ हे वाक्य पुस्तकातले नाही, सरावासाठी रचले आहे, आणि नवख्या मुलासाठी संधी न करता सोडले आहे. पालकाने पहिला प्रश्न विचारायचा: क्रियापद कुठे आहे? मूल शेवटी जाऊन ‘नयन्ति’ पकडते. एक नेतो की अनेक नेतात? ‘न्ति’ आहे, म्हणजे अनेक. मग कोण नेतात? अनेकवचनी प्रथमा शोधायची: ‘जनाः’. लोक नेतात. काय नेतात? ‘वस्त्राणि’, कपडे. कशाने? ‘शकटैः’, गाड्यांनी. कुठून? शेवटी ‘आत्’ दिसते आहे, पंचमी: तगर नगराहून. कुठे? ‘भृगुकच्छं’, भडोचला; जिथे जायचे-न्यायचे ते ठिकाण संस्कृतात द्वितीयेत ठेवता येते. या सगळ्या संवादात पालकाने एकही संस्कृत नियम सांगितलेला नाही. त्याने कोण, काय, कशाने, कुठून, कुठे हे मराठी प्रश्न विचारले आणि मुलाने शब्दांच्या शेपट्यांकडे पाहून उत्तरे दिली. संस्कृतात शब्दांची जागा बदलली तरी अर्थ बदलत नाही, कारण अर्थ शेपटीत असतो, हे मुलाला नियम म्हणून न सांगता कळते. हेच शब्द उलटेसुलटे करून परत द्यावेत. दोन-तीन आठवडे असे केले की श्लोकाचा अन्वय ही वेगळी शिकण्याची वस्तू राहत नाही.

आणि तक्ते? ते लागतातच, पण छापील तक्ता पाठ करायला देण्याऐवजी कोरा द्यावा. एका मोठ्या कागदावर आठ विभक्त्या आणि तीन वचनांचे चौकोन आखून ठेवायचे, आणि धड्यात जे रूप भेटेल ते त्याच्या घरात मुलाने स्वतः लिहायचे. वरच्या एका वाक्यातून अकारान्त नामाची पाच घरे भरतात: ‘जनाः’, ‘शकटैः’, ‘तगरनगरात्’, ‘भृगुकच्छं’, ‘वस्त्राणि’. धातूंसाठीही तसेच: वर्तमानकाळ, प्रथम भूतकाळ, आज्ञार्थ, विध्यर्थ, द्वितीय भविष्यकाळ यांचे कोरे तक्ते. दिवाळीपर्यंत निम्म्याहून अधिक घरे भेटलेल्या रूपांनी भरलेली असतील, आणि रिकामी राहिलेली घरे, बहुधा द्विवचनाची, तेवढीच मुद्दाम पाठ करायची. पाठांतर इथे नाकारलेले नाही. ते योग्य वेळी आणि योग्य तेवढ्यापुरते आणले आहे. श्लोक तर मोठ्याने म्हणून पाठ करावेतच, कारण चाल आणि यती यांतून पदे कुठे तुटतात ते कानाला आधी कळते.

वाक्यात तगर आणि भडोच आणण्याचे कारण आहे. आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला प्राचीन विद्या शिकवताना याच जिल्ह्यातल्या तेर गावाकडे पाठ फिरवणे हे मला मोठे नुकसान वाटते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची एक माहितीपुस्तिका लिहिली, ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भडोचपासून वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे, आणि तिथून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोचला येते, असे त्यात सांगितले आहे. हे तगर म्हणजे कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद चालला; जुन्नर, दौलताबाद, धारूर अशी नावे पुढे आली. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते तेर असल्याचे मांडले आणि पुढे तेच मान्य झाले. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी तिथे उत्खनन केले. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की इटलीतल्या पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण अभ्यासकांना होते. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती.

याचा परीक्षेशी काय संबंध, असे विचाराल तर दोन ठिकाणी सरळ संबंध आहे. पहिला संस्कृतशी. कोकण आणि कोल्हापूर इथे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. हा एक शब्द घेऊन बसावे. शेवटून मोडायला लागायचे: ‘अधीश्वर’ म्हणजे अधि आणि ईश्वर, इ आणि ई मिळून दीर्घ ई. ‘वराधीश्वर’ म्हणजे वर आणि अधीश्वर, अ आणि अ मिळून आ. एका शब्दात सवर्णदीर्घ संधी दोनदा भेटला. मग समास: पुरांमध्ये वर म्हणजे श्रेष्ठ ते पुरवर, हा तत्पुरुष, तगर हेच ते पुरवर, हा कर्मधारय, त्याचा अधीश्वर, हा षष्ठी तत्पुरुष. बहुव्रीही हवा असेल तर तेरच्या त्रिविक्रम मंदिराचे नाव आहेच: तीन आहेत विक्रम, म्हणजे पावले, ज्याची तो. गाइडातल्या समासांच्या यादीतले उदाहरण मूल आठवड्यात विसरते. आपल्या जिल्ह्यातल्या गावाचे नाव ज्यात आहे असा लांबलचक शब्द एकदा स्वतः मोडला की समासाची रीत त्याच्या हाताला लागते, आणि पुढे कुठलाही अनोळखी सामासिक शब्द ते त्याच रीतीने मोडू पाहते.

दुसरा संबंध इतिहासाशी. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात राजांच्या सनावळ्यांपेक्षा इतिहास कसा लिहितात यावर भर आहे: हिरोडोटसपासूनची पाश्चात्त्य परंपरा, भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन. हे धडे मुलांना कोरडे वाटतात, कारण ‘साधनांची चिकित्सा’ हे शब्द नुसते लिहून काही हाती लागत नाही. तेर घेतले की ते शब्द जिवंत होतात. शिलाहार कोकणात होते. मग ते तगरचे अधीश्वर कसे? तगरवर त्यांची सत्ता होती, एवढे त्या बिरुदावरून सिद्ध होते का? नाही, आपले मूळ घराणे त्या जुन्या, मानाच्या नगराशी जोडण्याची त्यांची इच्छा मात्र निश्चित दिसते. ‘पेरिप्लस’मधला मजकूर पूर्व दिशा सांगतो आणि नकाशावर तेर पैठणच्या आग्नेयेला आहे, तरी अभ्यासकांनी ती ओळख का स्वीकारली? कारण अंतर, नावातली परंपरा आणि जमिनीतून निघालेल्या वस्तू एकाच दिशेला बोट दाखवतात. विटांच्या त्रिविक्रम मंदिराची पाठीमागची बाजू अर्धगोल आहे, आणि त्या आकारावरून ते मूळचे चैत्यगृह असावे असे अनेक अभ्यासक मानतात; मुलाला तिथे उभे करून विचारावे की केवळ आकारावरून असे म्हणणे कितपत योग्य. मूल असा विचार करायला लागले की ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नाला दोन ओळींऐवजी पाच ओळी लिहिते, आणि त्या तिच्या किंवा त्याच्या स्वतःच्या असतात. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय तेरलाच आहे. सातवाहनकाळच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती, मणी, हस्तिदंती वस्तू तिथे पाहायला मिळतात. जाण्याआधी सुट्टीचा दिवस विचारून घ्यावा, आणि मुलाच्या हातात वही द्यावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: संस्कृत हा गुण मिळवून देणारा विषय, त्यात एवढे खोल जायचे कशाला? पाठ करा, लिहा, मोकळे व्हा. शेजारच्या लातूरने सराव चाचण्यांच्या जोरावर जे यश मिळवले त्याचा दाखलाही दिला जातो. त्या पद्धतीचा मला आदर आहे, पण तिच्यातून चुकीचा धडा घेतला जातो. वारंवार चाचणी घेऊन, चूक कुठे झाली ते शोधून, ती दुरुस्त करून पुन्हा चाचणी, हा तिचा गाभा आहे. पाठ केलेल्या उत्तरात चूक शोधायला जागाच नसते. ते आठवते किंवा आठवत नाही. मधला एक शब्द विसरला की संपूर्ण उत्तर अडते. अर्थ लावू शकणाऱ्या मुलाला शब्द आठवला नाही तरी वाक्यातून वाट काढता येते. म्हणून चाचण्या जरूर घ्याव्यात, पण दर वेळी एक न पाहिलेला उतारा त्यात असलाच पाहिजे. ‘आमोद’ वापरणाऱ्याने संयुक्तच्या ‘आनंद’मधले, संयुक्तवाल्याने ‘आमोद’मधले सोपे उतारे घ्यावेत. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, तेव्हा साहित्याची अडचण नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: आम्हालाच येत नाही, तर उत्तर बरोबर की चूक कसे कळणार? काही वेळा कळणार नाही, हे खरे. उच्चार, अवघड संधी, एखादे अनियमित रूप यांसाठी जाणकार लागेल. शाळेतल्या शिक्षकांकडे आठवड्यातून एकदा प्रश्नांची यादी घेऊन जावे, आणि शिक्षकही नेमका प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलाला आनंदाने वेळ देतात. पण रोजच्या अभ्यासात पालकाचे काम उत्तर सांगण्याचे नाहीच. मुलाने लावलेला मराठी अर्थ ऐकून तो नीट मराठी आहे का, त्यात कोणी काय केले हे कळते का, एवढे कोणताही पालक सांगू शकतो. ‘स एव परमाणुः’ या धड्यात तांदळाच्या दाण्याचे तुकडे करत करत कणादाचा विचार समजावला आहे. मुलाने सांगितलेला अर्थ जर आपल्याला समजला नाही, तर बहुधा मुलालाही तो लागलेला नाही. ‘आद्यकृषकः पृथुवैन्यः’ या पहिल्याच धड्यात राजा पृथू, भुकेली प्रजा आणि नांगरलेली जमीन आहे. शेती करणाऱ्या घरात त्या धड्यातली नांगरणी-पेरणीची क्रियापदे मुलापेक्षा वडिलांना आधी लागतील, आणि तसे झाले तर चांगलेच. आई-वडिलांनी मुलाबरोबर अडखळत वाचावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे, आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. संस्कृत शतकानुशतके बहुसंख्यांना नाकारली गेली. मग आमच्या मुलाने ती का शिकावी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायची होती, ती नाकारल्यामुळे त्यांना फारसी घ्यावी लागली. हे विसरून संस्कृतचा गौरव करणे अन्याय्य आहे. पण ज्या भाषेतल्या ग्रंथांचा आधार घेऊन माणसाला कमी लेखले गेले, ते ग्रंथ स्वतः तपासून पाहण्याचा हक्क बाबासाहेबांनी सोडला नाही. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि त्या ग्रंथांशी उघड वाद घातला. कुमुद पावडे यांनी नागपुरात संस्कृत शिकून त्याच भाषेचे अध्यापन केले, आणि त्या वाटेवर काय सोसले ते ‘अंतःस्फोट’मध्ये लिहून ठेवले. सोलापूरचे पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार यांनी आयुष्यभर संस्कृतचे काम केले. तेव्हा संस्कृत कोणा एका घराची नाही. घरात हा प्रश्न असेल तर मुलासमोर तो बोलावा, लपवू नये. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला अशी चर्चा अभ्यासाकडे खेचून आणते, दूर नेत नाही. आणि ज्या घराने विचारपूर्वक हिंदी निवडली, त्यांचीही निवड योग्यच आहे. पेपरात पैकीच्या पैकी मिळतात एवढ्याच कारणासाठी नको असलेला विषय मुलावर लादू नये.

राहिला वेळेचा प्रश्न. या वयात मुलाला दोन तास समोर बसवून शिकवणे बहुतेक घरांत भांडणात संपते. रोज अर्धा तास, शक्यतो संध्याकाळी जेवणाआधी, आणि त्यात मुलाने शिकवायचे, पालकाने शिकायचे, असा क्रम ठेवला तर तो टिकतो. जून ते ऑक्टोबर गद्य धडे वाक्यावाक्याने, कोरे तक्ते भरत. दिवाळीच्या सुट्टीत रिकामी घरे पाठ आणि तेरची एक फेरी. नोव्हेंबर-डिसेंबरात पद्य, अन्वय, समास. जानेवारीपासून पूर्ण कृतिपत्रिका घड्याळ लावून. संख्या, वेळ आणि चित्रवर्णन हे सोपे गुण आहेत, त्यांना वेगळा दिवस न देता रोज पाच मिनिटे द्यावीत: जेवायला बसताना किती वाजले ते संस्कृतात सांगायचे, एसटीच्या तिकिटावरचा आकडा संस्कृतात म्हणायचा. मूल १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणार असेल तर विषय निवडताना आणि अंतर्गत गुणांबाबत संपर्क केंद्राच्या शाळेत आधीच विचारून घ्यावे. आपला जिल्हा लातूर विभागीय मंडळात येतो, आणि नियमातला बदल तिथून किंवा मंडळाच्या संकेतस्थळावरूनच खात्री करून घ्यावा, कोणाच्या सांगण्यावरून नको. परीक्षेआधीच्या शेवटच्या आठवड्यात नवे काहीही उघडू नये. मुलाने वर्षभर भरलेला तो मोठा तक्ता आणि शेवटच्या पानावरची फसव्या शब्दांची यादी, या दोन कागदांवर रोज नजर टाकावी, आणि एक अपठित उतारा सोडवून ‘कोण, काय, कशाने, कुठून’ एवढे प्रश्न मुलाने स्वतःलाच विचारावेत.